काटा तिसावर, पदर खांद्यावर

वैशाखातली दुपार होती. ठाण्याला नौपाड्यात आमच्या बिऱ्हाडाच्या खालीच एका डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथल्या बाकावर पन्नाशीची एक बाई भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी लिंबू, साखर आणि मीठ घातलेल्या पाण्याचा पेला तिच्यापुढे धरला. तिने आधी पेल्यात पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"यात मीठ हाय?"

"आहे. तेच तर औषध आहे."

तिने पेला पालथ्या हाताने बाजूला सारला. "मग नको. मी मीठ सोरलाय."

तिच्या नवऱ्याची कळव्याला खाडीलगत मिठागरं होती. त्या घराच्या अंगणात बाराही महिने मिठाची रास असे. आल्यागेल्याच्या हातात पसाभर मीठ दिल्याशिवाय ही बाई कोणाला निरोप देत नसे. आणि ती सांगत होती की तिने मीठ सोडलंय.

तिला घेऊन आलेला तिचा मुलगा माझा शाळेपासूनचा मित्र. सकाळी बांधावर चालता चालता आई कोसळली होती, म्हणून त्याने तिला गाडीत घालून आणलं होतं आणि खालून हाक मारून मला बोलावलं होतं. तो आईकडे पाहत होता. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. पेल्यातलं पाणी बाकावर सांडलं होतं, ते पुसायचंही कोणाला सुचलं नाही.

ही हकिकत मोटारीची आहे. ती तिथूनच सांगायला हवी.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत ठाण्याच्या गिरण्यांमधले बहुतेक इंग्रज साहेब परत गेले. त्यांतल्या एका इंजिनिअरने आपली स्पोर्ट्स गाडी माझ्या मित्राला विकली. गाडी लांब नाकाची, उघड्या टपाची, गर्द हिरवी. बसायला दोनच जागा. सामानासाठी मागे एक लोखंडी जाळी. मित्र तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, लग्न झालेला, वडिलांबरोबर मिठागरं पाहत होता. गाडी कळव्यात आली त्या दिवशी मी तिथे होतो. त्याने पहिली फेरी आईला घालून आणली. परत आली तेव्हा ती खाली उतरेना. पदर मानेमागे गेला होता, केस तोंडावर आले होते. तिची बोली मला जशीच्या तशी लिहिता येत नाही, कानात राहिली तेवढी लिहितो.

"गारी हाय का वावटल? रस्त्यावरची मानसा बगत व्हती. डोकं उघरं टाकून कवा फिरलंय मी?"

"आये, परत बस. हळू नेतो. कुठं बरं वाटतं ते तू सांग."

दुसऱ्या फेरीला तिने पदराचं एक टोक कानामागे खोचलं. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर त्याने वेग थोडा थोडा वाढवत नेला. एका ठिकाणी ती म्हणाली, "हां. इतका. आता पदर जाग्यावर हाय." त्याने काट्याकडे पाहिलं. काटा तिसावर होता.

अंगणात आल्यावर तिने मुलाचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. तो म्हणाला, "काटा तिसाच्या पुढं जाणार नाय. तुझी शपथ."

"तुझा काटा तुला ठावं," ती म्हणाली. "मना इतकाच पायजे."

आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर आईला बाधते, हे त्या घरात कोणाला समजावून द्यावं लागत नव्हतं. मित्राने ती पाळली. मी त्याच्या शेजारी बसून पुष्कळ हिंडलो. आग्रा रोड मोकळा असे, ट्रकवाले भोंगे वाजवून पुढे जात, सायकलवर दूध नेणारे मागे वळून हसत. इतकी देखणी गाडी आणि चाल बैलाची, असं एकाने ओरडून सांगितलं होतं. मित्राचा काटा तिसाच्या पुढे गेला नाही. मी तो काटा पाहिलेला आहे.

आईचं माहेर खडवलीचं. महिन्या-दोन महिन्यांनी तो तिला तिकडे घेऊन जाई. भिवंडीवरून पडघा, तिथून आत कच्चा रस्ता. माहेरी मोकळ्या हाताने जायचं नाही म्हणून प्रत्येक खेपेला मागच्या जाळीवर मिठाची एक गोण बांधलेली असे. दोन माणसं आणि ती गोण यांच्या वजनाने गाडीची मागची बाजू बसे, नाक वर होई.

वडिलांना ते पाहवत नसे. त्यांचं सगळं आयुष्य मिठाच्या बैलगाड्या भरण्यात गेलं होतं. गाडीत मागे जास्त ओझं पडलं की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून उठतं आणि गळ्याचे पट्टे आवळतात. याला उलाळ म्हणतात. गाडीवानाला यापेक्षा मोठी शिवी नाही. वडील ळ चा उच्चार ल करत.

"उलाल हाय तुझी गारी. बैल असते तर गल्याला फास लागला असता त्यांच्या."

"बाबा, हिला बैल नाहीत."

"म्हनून तर तुला कलत नाय. बोलनार कोन?"

बैलगाडीत ओझं पुढे सरकवलं की काम होतं. या गाडीत पुढे सरकवायला जागा नव्हती, तिथे इंजिन होतं. तेव्हा वडिलांनी दुसरा उपाय काढला. मागची चाकं उंच घालायची, म्हणजे मागचं वर येईल आणि भार आपोआप पुढे जाईल. मित्राने दोन महिने टाळाटाळ केली. वडिलांनी एक दिवस सगळ्यांसमोर सांगितलं की उलाळ गाडी या अंगणातून बाहेर पडलेली पुन्हा दिसता कामा नये. मग तो कल्याणला गेला.

युद्ध संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतला माल बाजारात आला होता. डिस्पोजलचा माल म्हणत त्याला. तिथे पौषाच्या अखेरीस जीपचे टायर मिळाले. मित्राच्या गाडीच्या रिंगवर ते बसत होते, मात्र मूळ टायरपेक्षा उंच होते. ठाकुर्लीचा एक फिटर सुट्टीच्या दिवशी मोटारींची कामं करी, त्याने ते चढवले. मडगार्डची आतली कड टायरला लागत होती, ती त्याने ठोकून बाहेर काढली. काम झाल्यावर चार पावलं मागे जाऊन त्याने गाडीकडे पाहिलं.

"शेठ, मडमेला उंच टाचांचे बूट घातलेत. आता चालेल ठुमकत."

मागचा भाग दीड इंचाने वर आला. वडिलांनी गोण चढवून पाहिली. गाडी सपाट उभी राहिली. ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "आता झाली गारी." त्या दिवशी घरात गोड केलं होतं.

फरक पडला तो आम्हाला जाणवला होता. गोण नसली की गाडी नाकावर पडल्यासारखी दिसे. पुढचे दिवे रस्त्याऐवजी चाकाजवळची जमीन दाखवत. चढावर ती दमे. जीपच्या टायरांना खोल खाचा होत्या, त्यांची घूं घूं शेजारच्याशी बोलू देत नसे. पडघ्याला हल्ली लवकर पोचतो, असं मित्र एकदा म्हणाला होता. रस्ता सुधारलाय, असं मी म्हणालो होतो. इंजिनचा आवाज पूर्वीचाच होता, काटा पूर्वीच्याच जागी होता. आम्ही दोघेही त्या काट्याकडेच पाहत होतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून सोडलंत मीठ?"

"माघापासना."

"म्हणजे चार महिने? उन्हात, मिठागरावर?" डॉक्टर खुर्चीवर बसले. "कशासाठी?"

तिने मुलाकडे बोट केलं. "ह्याच्यासाठी. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपत घेतली, आनि मोरली. माझा काय व्हायचा तो होवो. पोराला देवीनं पदरात घ्यावा, म्हनून सोरला मीठ."

"आये, कुठली शपथ?"

"गारीची."

"मी एकदाही मोडली नाय!"

"माझा पदर खांद्यावर येतो. खरवलीपातूर धा वेला डोक्यावर घ्यावा लागतो. तुला विचारतंय, पोरा, काटा कुठं हाय? तू तोंडावर सांगतस, तिसावर."

"अगं, आहेच तो तिसावर!"

ती डॉक्टरांकडे वळली. आवाज चढला नव्हता. "बगा. अजून खोटा बोलतं."

मित्र उभा होता, तो बाकावर बसला. तसा चेहरा मी पुढे बऱ्याच वर्षांनी, वडील गेल्याची तार हातात पडलेल्या एका सहकाऱ्याचा पाहिला. आई मीठ खात नाही याचा त्याला धक्का बसला होता. पण चार महिने ती रोज दोन वेळा, जेवताना, आपल्याला खोटारडा समजत होती, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला.

तिने हे केलं कसं, हे सुनेने नंतर सांगितलं. कालवणात मीठ पडायच्या आधी सासू एका वाटीत थोडं काढून ठेवी. सुनेला वाटे, देवीच्या नैवेद्याचं आहे. सुकी मासळी तिने बंद केली होती, दात दुखतात म्हणून. सून हे सांगताना सारखी तोंडावर हात नेत होती.

डॉक्टरांनी नुसतं साखरपाणी पाजलं आणि मित्राला दाराशी नेऊन सांगितलं, "मीठ पोटात गेलं पाहिजे. तुम्ही काय समजूत घालायची ती घाला. अजून पावसाला वेळ आहे. अशाच उन्हात ही बाई परत पडली, तर माझ्याकडे आणून उपयोग होईलच असं मी म्हणणार नाही."

ती ऐकेना. मुलगा खोटं बोलतोय तोवर मीठ नाही, असं तिने गाडीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. त्या दिवशी परत नेताना त्याने काटा पंधराच्या वर जाऊ दिला नाही. तिने त्याकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला उशिराची पाळी होती. सकाळी मित्र आला. म्हणाला, "तू शेजारी बस आणि डोळ्यांनी बघ. मग आयेला सांग. तू पेपरात लिहितोस, तुझं ऐकेल ती."

आम्ही आग्रा रोडला लागलो. त्याने काटा तिसावर धरला. मला पाहायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी मैलांचा आकडा पाहत होतो. तो वेगाच्या काट्याखालीच होता. एक मैलाचा दगड गेला. पुढचा दगड आला तेव्हा आकड्याचा मैल पुरा झाला नव्हता. दगड चुकीच्या जागी बसवला असेल, असं मला वाटलं. तिसऱ्या दगडालाही तेच. मी मित्राला सांगितलं. दहा दगड मोजले. आकड्याप्रमाणे आम्ही नऊ मैलही आलो नव्हतो.

त्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"गाडीनं दहा मैल कापले आणि तिला वाटतंय नऊ," तो म्हणाला.

"मागची चाकं मोठी आहेत. एका फेऱ्यात जास्त जमीन जाते. काटा फेरे मोजतो, जमीन मोजत नाही."

"मग तीस म्हणजे?"

"तेहतीस-चौतीस."

तीस आणि चौतीस. या दोहोंमधला फरक एका लुगड्याच्या पदराला कळला होता आणि ज्याने पहिल्या दिवशी तो काटा तिथे थांबवला त्याला कळला नव्हता. टायरांच्या घूं घूंमध्ये वाढलेल्या वाऱ्याचा आवाज बुडून गेला असेल. मी ते तेव्हा मित्राला सांगितलं नाही. त्याने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले होते.

"म्हणजे शपथ मोडलीच मी," तो म्हणाला. "चार महिने. आणि आयेला हे सांगू कसं? काटा खोटा होता असं सांगणार. काट्यावरच तर तिचा विश्वास नाय."

परत येताना मिठागराच्या बांधाजवळ एक बैलगाडी आमच्या पुढे होती. तिच्या एका चाकाची लोखंडी धाव सैल झाली होती, ती कोणी काथ्याने आवळून बांधली होती. ओल्या मातीत प्रत्येक फेऱ्याला त्या गाठीचा ठसा उठत होता. मित्राने ब्रेक मारला. तो बराच वेळ त्या ठशांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तिला चाकच दाखवू."

मिठाच्या वाफ्याची जमीन पायांनी तुडवून तुडवून पाटासारखी केलेली असते. त्यातलं मीठ ओढून काढलं की तळ काही वेळ ओलसर राहतो. अशा एका रिकाम्या वाफ्यात आम्ही दोन चाकं आणली. एक गाडीचं मागचं, जीपच्या टायरचं. दुसरं जादा ठेवलेलं, मूळ मापाचं. दोन्ही चाकांना एकेका जागी सुतळी बांधली आणि गाठी खाली करून दोन्ही चाकं एका रेघेवर शेजारी उभी केली. बांधावर आई बसली होती, सुनेच्या आधाराने. वडील शेजारी उभे होते. चाकं कशाला काढलीस, म्हणून ते मघापासून कुरकुरत होते.

"आये, दोन्ही चाकांना एकेक फेरा देतो. फक्त एकच. तू बघ."

त्याने मोठं चाक ढकललं, मी लहान. गाठी परत जमिनीला लागल्या तिथे थांबलो. माझा ठसा मागे राहिला होता.

ती उठली. सून धरायला गेली, तिचा हात झटकून ती बांधावरून वाफ्यात उतरली. वाकली आणि दोन ठशांच्या मधे हात ताणून ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बरोबर बसला.

"वीतभर," ती म्हणाली. "परत फिरवा."

दुसऱ्या फेऱ्याला दोन विती झाल्या. तिसऱ्याला तीन. ती प्रत्येक वेळी वाकून मोजत होती आणि आम्हाला पुढे चला म्हणत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता, मित्र थांब म्हणत होता. वाफ्याच्या टोकाला पोचलो तेव्हा मधलं अंतर तिने हाताने मोजलं नाही. ती दोन्ही ठशांच्या मधे उभी राहिली आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. तिथे एक माणूस आडवं झोपलं असतं.

"गारी येवरी पुढं जाते. आनि काट्याला ठावंच नाय?"

"नाय."

"आनि तुला?"

"काल तू सांगेपर्यंत नाय, आये."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी मात्र तेवढ्यात दुसरीकडे बघायला लागलो. मग तिने विचारलं, "ह्यो चाक घालाया कोनी सांगला?"

सून, मित्र आणि मी, तिघांनीही बांधावर पाहिलं.

"उलाल व्हत व्हती गारी," वडील म्हणाले.

"मंग शपत तुमी मोरली."

त्या माणसाला मी आयुष्यात एकदाच खाली बसताना पाहिलं. म्हणजे बसत ते रोजच असत. पण त्या दिवशी ते बांधावर जागा न बघता, जिथे होते तिथेच बसले. पांढरं धोतर चिखलात गेलं. ते कोणाकडे न बघता दोन-तीनदा म्हणाले, "मी? मी मोरली?"

मित्राने शेजारच्या राशीतून चार खडे मीठ उचललं आणि तळहातावर आईपुढे धरलं. तिने हात मागे घेतला.

"येवरा सोपा नाय. चार महिने रोज देवीला सांगत आलंय, माझा पोरगा खोटारडा हाय, त्याला माफ कर. खोटी मी झालंय आता. आधी तिला जाऊन सांगतंय."

देवी म्हणजे तिच्या माहेरची, खडवलीची. मित्राने त्याच दुपारी ठाकुर्लीच्या फिटरला बोलावून मूळ टायर चढवले. त्याने विचारलं, "का हो शेठ, मडमेला टाचा टोचल्या?" मित्राने त्याच्या हातात पाना दिला. फिटर काम उरकून चहा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले तेव्हा मी कळव्याला होतो. वडिलांनी सवयीने मिठाची गोण आणून गाडीच्या मागे ठेवली होती. ती जाळीवर चढवायची वेळ आली तेव्हा ते थांबले, गोण उचलली आणि स्वतःच परत आत नेली. माहेरी त्या बाईला मोकळ्या हाताने गेलेलं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. गाडी वळणापर्यंत गेली. मी पदराकडे पाहत होतो. तो डोक्यावर होता.

देवळातलं मित्राने सांगितलं. आईने देवीपुढे उभं राहून मोठ्याने, पुजाऱ्याला ऐकू जाईल असं सांगितलं की पोरगा खरं बोलत होता आणि मी जे सांगत आले ते परत घेते. पुजाऱ्याला काही समजलं नाही. मग भावाच्या घरी ती पानावर बसली, मीठ वाढा म्हणाली आणि पहिला घास तोंडात घेऊन बराच वेळ गिळेना. भावजयीला वाटलं कालवण खारट झालं.

ती संध्याकाळी परतली. रात्रीची पानं मांडली तेव्हा मी तिथेच जेवायला होतो. सुनेने सगळ्यांना वाढलं. सासऱ्यांच्या पानात मीठ वाढायला तिने हात पुढे केला, तर त्यांनी पानावर आडवा हात धरला. कालवणाची वाटीही बाजूला केली. भातावर नुसतं ताक ओतून घेतलं.

"ह्यो काय?" मित्राच्या आईने विचारलं.

"मोरली ना मी शपत?"

"मंग कवापातूर चालनार?"

"तुझे चार महिने झाले. माझे पन चार."

ती यावर काय म्हणते म्हणून आम्ही सगळे थांबलो होतो. वाद घालील, समजूत घालील, देवीला सांगितलंय आता पुरे म्हणेल, यांतलं काहीच झालं नाही. ती जेवली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सून चुलीपाशी मिठाचं मडकं उघडत होती. सासू मागून आली, तिचा हात धरला आणि मीठ पडायच्या आधी कालवणातली एक वाटी काढून बाजूला ठेवली. ती कोणासाठी हे सुनेला आता विचारावं लागलं नाही; तिने ती सासऱ्यांच्या पानाशी नेऊन ठेवली. डॉक्टरांना हे आम्ही कोणी सांगितलं नाही.